खुराड्याची कडी

कोकणातल्या घरात कोंबडी ही घरच्या बाईची मिळकत असते. आंब्याचा व्यवहार पुरुष बघतात, काजूबियांचा दर कर्ता माणूस बाजारात जाऊन ठरवतो, भात किती खंडी झालं ते साऱ्या वाडीला ठाऊक असतं. अंडी आणि पिल्लं मात्र आजीच्या, काकीच्या, वहिनीच्या हाती. गावठी कोंबडी एका वेळी दहा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते, 21 दिवस बसते आणि पिल्लांचं लटांबर घेऊन खळ्यात उतरते. वर्षाकाठी तिची अंडी 50-60च्या पुढे क्वचितच जातात. पोल्ट्रीवाल्याच्या हिशेबात हा आकडा भरत नाही. पण याच अंड्यांतून नातवाच्या वह्या येतात, तालुक्याला जायचं एसटीचं भाडं सुटतं, जावई अवचित आला तर वड्यांबरोबरची सागोती होते, आणि वर्षाची राखण द्यायची वेळ आली की राखणदार देवाचा कोंबडाही याच खुराड्यातून निघतो. या पैशाचा हिशेब तिला कुणी विचारत नाही, आणि ती कुणाला देत नाही.

म्हणून एखादी काकी सकाळी गडग्यावरून सांगते की, ‘रात्री कोलो इलो,’ तेव्हा ती नुसती बातमी नसते. तिच्या हातातले पैसे गेलेले असतात आणि रोज दारात येऊन दाण्यासाठी पायात घुटमळणारा जीवही गेलेला असतो. शहरातून गावी आलेली माणसं अशा वेळी कोल्ह्याची बाजू घेऊन निसर्गाचा समतोल समजावू लागतात, ते मला आवडत नाही. मलाही कोल्हा हवा आहे. तिन्हीसांजेला सड्यावरून त्यांची कुई उठते, एकाला दुसरा उत्तर देतो, मग सगळी टेकडी बोलू लागते, आणि त्या आवाजाशिवाय माझी संध्याकाळ पुरी होत नाही. पण काकीचं दुःख आधी खरं मानायला हवं, मगच कोल्ह्याबद्दल बोलायचा अधिकार येतो.

या दुःखात राग मिसळतो तो एका विशिष्ट कारणाने. कोल्ह्याने एक कोंबडी उचलून नेली, तर माणसं हळहळतात आणि विसरतात. पण कधी कधी सकाळी खुराड्याचं दार उघडावं, तर आत सगळ्या कोंबड्या मरून पडलेल्या. माना मोडलेल्या, पिसांचा थर, आणि खाल्लेली मात्र एखादीच. भुकेसाठी मारलं असतं तर समजलं असतं, हे कशासाठी? या प्रश्नाला लोकांच्या मनात एकच उत्तर असतं: जनावर दुष्ट आहे. विषाची पुडी घरात येते ती त्याच दिवशी.

या प्रश्नाचा मागोवा हान्स क्रुक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने घेतला होता. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, रेव्हनग्लास इथे काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्यांची मोठी वीण असे. काळोख्या, वादळी रात्री तिथले तांबडे कोल्हे, म्हणजे खोकडाच्या जातीचे, वसाहतीत शिरत आणि पक्षी मारत सुटत. खात फार थोडे. अशा रात्री कुरव उडत नसत, जागच्या जागी बसून राहत. पुढे सेरेंगेटीत त्याला असंच काही तरसांच्या बाबतीत दिसलं. एका काळोख्या रात्री तरसांनी 80हून अधिक हरणं मारून टाकली होती आणि बहुतेक तशीच सोडली होती. 1972 साली त्याने यावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शिकारी प्राण्याचं शोधणं, पाठलाग करणं, मारणं आणि खाणं ही वेगवेगळी कामं आहेत. पोट भरलं की शोधणं थांबतं, पाठलाग थांबतो. पण पळू न शकणारं सावज तोंडाशीच फडफडत असेल, तर मारणं थांबवणारं काही त्याच्या अंगात नसतं. रानात त्याची गरजच पडत नाही. तिथे एक सावज हाती लागेपर्यंत बाकीची पसार झालेली असतात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या परसातलं खुराडं डोळ्यांपुढे आलं. चारी बाजूंनी बंद, आत दाटीने बसलेल्या, काळोखात काहीच न दिसणाऱ्या कोंबड्या. कोंबडीचा डोळा दिवसाचा आहे. अंधार पडला की ती जिथे बसेल तिथून हलत नाही, कुणीही उचलावी. ती रचना कोल्ह्याने केलेली नाही, आपण केली आहे. रानात असं ठिकाण कुठेच नसतं, जिथे एवढी सावजं रात्रभर एका जागी कोंडलेली असावीत आणि आत शिरायला वाट असावी. त्या वाटेने कोल्हा आत गेला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. उरलेलं तो बहुधा नंतर नेऊन पुरून ठेवणार असतो, तेवढ्यात आपण उठतो. म्हणूनच तो दुसऱ्या रात्री पुन्हा येतो. ज्या घरात एकदा हल्ला झाला, त्या घराने दुसरी रात्र सर्वांत जास्त सांभाळायला हवी.

कोंबडी मुळात जमिनीवर झोपणारी नाहीच. तिचे पूर्वज रानकोंबडे रात्री झाडावर बसतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी राखी रानकोंबड्याची पहाटेची बांग ऐकलेली असते, ती बहुतेकदा उंचावरून येते. आपल्या कोंबड्या मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या. पण त्यांची पिवळी कातडी, पिवळे पाय ज्या जनुकामुळे आहेत, ते या राखी रानकोंबड्याकडून आलेलं असावं, असं 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. दारात कणी टिपणाऱ्या कोंबडीच्या पायांत आपल्याच डोंगरांचा अंश आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. अजूनही गावठी कोंबड्या संधी मिळाली की फणसावर नाहीतर आंब्याच्या फांदीवर चढतात. आजीच्या पिढीत कित्येक घरी त्या पावसाळा सोडून तशाच झाडावर असत. कोल्ह्याला झाड चढता येत नाही. मात्र उदमांजराला येतं, अजगरालाही येतं, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की पिल्लं गारठून मरतात. तेव्हा झाड हा काही कायमचा उपाय नाही. पण तिला तिथून खाली उतरवून चार भिंतींत आणलं ते आपण, आणि तिची रात्र सांभाळायची जबाबदारी त्या दिवशी आपल्याकडे आली, एवढं मला स्पष्ट दिसतं.

आता ज्याच्या नावाने बोटं मोडतो त्याच्याकडे नीट पाहू. आपला कोल्हा 8-10 किलोंचा. पिवळसर तपकिरी अंग, पाठीवर काळसर केस, झुबकेदार शेपटी. नर-मादीची जोडी टिकून राहते, आपला इलाखा राखते आणि पिल्लं दोघं मिळून वाढवते. गाभणपण साधारण 63 दिवसांचं. आदल्या वेळचं एखादं पिल्लू आईबापांजवळच राहून धाकट्या भावंडांना खाऊ घालतं, हेही पाहिलं गेलं आहे. देशावरच्या माळरानात याहून लहान, दोन-तीन किलोंचं खोकड असतं. उंदीर, सरडे, टोळ, बोरं यांवर जगणारा तो लाजरा प्राणी. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर अबी तमीम वनक यांनी खोकडांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या जगण्यावर मोकाट कुत्र्यांचं दडपण असल्याचं दिसून आलं. कोकणात मात्र खुराड्याशी येणारा तो कोल्हाच.

त्याच्या ताटात काय काय असतं? उंदीर आणि घुशी सर्वांत आधी. मग खेकडे, बेडूक, सरडे, वाळवीचे पंख फुटलेले किडे, मेलेली गुरं. आणि फळं. फळांचा त्याला मोठा सोस. करवंदं, जांभळं, बोरं, गळालेली काजूची बोंडं, फुटलेला फणस. कलिंगडाच्या मळ्यात शिरून तो पिकलेलं नेमकं फोडतो. कोल्हा काकडीला राजी ही म्हण ज्याने केली, त्याने कोल्हा पाहिलेला होता यात शंका नाही. तो खातो ती बोरं, जांभळं दूरवर रुजतात. भाताच्या खाचरात बांध पोखरणाऱ्या घुशी किती नुकसान करतात हे कुणाही शेतकऱ्याला विचारा. त्या घुशी रात्री कोण मारतं, ते मात्र कुणी पाहत नाही, कारण ते काम आवाज न करता होतं. कोंबडी गेल्याचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू जातो.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. कोल्ह्याच्या नावावर मांडलेल्या सगळ्या चोऱ्या त्याच्या नसतात. मुंगूस भरदिवसा पिल्लं नेतं. धामण आणि नाग अंड्यांना येतात. उदमांजर कौल सरकवून आत उतरतं. घारीचं तर विचारूच नका, पिल्लांची कोंबडी तिच्या सावलीनेच ओरडू लागते. आणि वाडीतली मोकाट कुत्री कोंबड्या मारून बऱ्याचदा तिथेच टाकून जातात. कोल्हा शक्य तोवर उचलून नेतो, त्याच्या वाटेवर पिसं सांडलेली असतात, आणि ती वाट बहुधा गडग्याच्या खिंडीतून रानाकडे जाते. ओल्या मातीत ठसा मिळाला तर तो बघावा. कोल्ह्याच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या असतात. कुत्र्याच्या सुट्या असतात. एवढी एक खूण ओळखता आली तरी कितीतरी कोल्ह्यांचा जीव वाचेल, आणि खरा चोर सापडल्यामुळे कोंबड्यांचाही.

शिवाय गावठी कोंबड्यांचा सर्वांत मोठा काळ कोल्हा नव्हेच. तो आहे मानमोडी. ज्याला डॉक्टर राणीखेत म्हणतात, तो रोग एकदा वाडीत शिरला की खुराड्यामागून खुराडी रिकामी होतात. हिरवट हगवण, वाकडी होणारी मान, आणि दोन-चार दिवसांत सगळं संपतं. त्यावर लस आहे. पिल्लू आठवड्याचं होईपर्यंत लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोन महिन्यांच्या सुमाराला पुढची लस. ती चुकते, कारण लसीची कुपी एकदा फोडली की ती लगेच संपवावी लागते आणि चार कोंबड्यांसाठी कोण आणणार? वाडीतल्या बायकांनी मिळून एक दिवस ठरवला तर तीच कुपी सगळ्यांना पुरते. जिथे असं ठरतं, तिथे कोंबड्या टिकतात. रोगाचा आपल्याला राग येत नाही, कारण त्याला तोंड नसतं. कोल्ह्याला तोंड असतं आणि त्यात कोंबडी असते.

मग माणसं काय करतात? मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक घालून ती गडग्यापाशी ठेवतात. मोटारसायकलच्या क्लचची तार घेऊन वाटेवर फास लावतात. यातलं पहिलं मला सर्वांत भयानक वाटतं. विषाला कोल्हा ओळखू येत नाही. ते शेजाऱ्याच्या राखणीच्या कुत्र्याला मारतं, मांजराला मारतं, मेलेल्याला खायला उतरणाऱ्या घारीला आणि गिधाडाला मारतं. गुरांना देतात त्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे आपल्या देशातली गिधाडं कशी भराभर नाहीशी झाली, हे आपण पाहिलं. 2006 साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली तेव्हा फार उशीर झाला होता. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं वाचवण्यासाठी गावानेच झाडं राखली, घरटी राखली. त्याच कोकणात विषारी कोंबडी टाकणं हे माझ्या मते पाप आहे. फाशात सापडतं तेही फक्त कोल्हाच नसतं. कधी बिबट्या कमरेत अडकतो आणि सारा गाव दिवसभर त्याचं ओरडणं ऐकत बसतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला मारणं, पकडणं हा गुन्हा आहे, हे तर आहेच. शिवाय कोल्ह्याचं शिंग म्हणून केसाळ गाठी विकणारे भोंदू अजून फिरतात. असलं शिंग कोल्ह्याला नसतं. पण त्या खोट्या वस्तूसाठी खरे कोल्हे मरतात.

आणि समजा मारला, तर? जोडीचा इलाखा रिकामा होतो. रिकामा इलाखा फार दिवस रिकामा राहत नाही, पलीकडच्या सड्यावरची तरुण जोडी तिथे येते. नव्या जोडीला त्या रानातले खेकडे कुठे, बोरी कुठे, घुशींची बिळं कुठे, हे ठाऊक नसतं. उघडं खुराडं मात्र वासावरून लगेच सापडतं. पकडून लांब सोडला तरी हेच होतं. तुमच्या खुराड्याचं दार जसं होतं तसंच असेल, तर कोल्हा बदलला एवढंच. हे ज्यांच्या ध्यानात येतं, ती माणसं बंदुकीचा विचार सोडतात आणि सुताराला बोलावतात.

सुताराकडे जाण्यापूर्वी अजून एका ठिकाणी जायला हवं. घाटात, खाडीच्या काठी, गावाच्या वेशीबाहेर वहाळात चिकनच्या दुकानांतली आतडी, पिसं, पाय गोण्या भरभरून टाकले जातात. ब्रॉयलर कोंबडीचा धंदा खेड्यापाड्यांत पोचला, तशी ही घाणही पोचली. कोल्ह्यासाठी, कुत्र्यांसाठी ती रोज मांडलेली पंगत आहे. तिथे तो कोंबडीचा वास शिकतो, चव शिकतो, माणसाच्या जवळ येऊनही काही होत नाही हेही शिकतो. तिथे कोल्हे आणि कुत्री एकत्र येतात, आणि त्यांचे रोग एकमेकांना लागतात. 2024 साली मुंबईत चेंबूर भागात सापडलेल्या कोल्ह्याला रेबीज झाल्याचं तपासणीत निघालं, तेव्हा लोक कोल्ह्यांना घाबरले. घाबरायचं ते त्या उकिरड्यांना. रानातला निरोगी कोल्हा माणूस दिसताच वाट सोडतो. दिवसाढवळ्या अंगावर येणारा, लाळ गाळणारा, झोकांड्या खाणारा दिसला तर जवळ जाऊ नये, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. आणि कोल्हा असो की कुत्रा, दात लागला की जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन तडक लस घ्यायला जावं. ग्रामसभेत हा चिकनच्या घाणीचा विषय काढणाऱ्या बाईला लोक गप्प बसवतात. तिने गप्प बसू नये. खड्डा खणून, चुना टाकून ती पुरणं दुकानदाराला अवघड नाही.

कोल्हा घराजवळ येण्याचं दुसरं कारण अधिक दुखरं आहे. वाडीतली निम्मी घरं आता वर्षातून दोनदाच उघडतात, गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या दिवसांत परसात घाणेरी वाढते, रानमोडी वाढते, गडगे ढासळतात, पायवाटा बुजतात. पूर्वी घराच्या मागे केळी, मग आगर, मग खाचर, मग कुरण, आणि त्याच्या पलीकडे रान होतं. आता काही घरांच्या न्हाणीच्या भिंतीलाच रान टेकलं आहे. लोक म्हणतात, कोल्हे गावात शिरले. मला तसं दिसत नाही. गाव मागे सरकला आणि त्याने सोडलेल्या जागेत रान आलं, रानाबरोबर कोल्हा आला. उरलेल्या घरांत सत्तरीच्या पुढच्या बायका आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना संध्याकाळनंतर नीट दिसत नाही, आणि खुराडं मात्र सासूच्या काळातलं, पुढे झाप लावायचं. कोल्ह्याचा प्रश्न हा असा पुष्कळसा मुंबईत राहणाऱ्या मुलांचाही प्रश्न आहे.

खुराडं कसं असावं? मला याबद्दल लिहायला आवडतं, कारण यात कुणाचा जीव न घेता जिंकता येतं.

पाया जांभ्या चिऱ्याचा असावा आणि तळ जमिनीपासून दोन फूट तरी वर. खाली मोकळं ठेवलं तर तिथे लपायला जागा होते, म्हणून चौथरा भरूनच घ्यावा. कोंबड्यांची जाळी म्हणून बाजारात जी बारीक तारेची षटकोनी जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते पण कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो दातांनी ती फाडतो, कुत्रा तर सहज फाडतो. सांधे जोडलेली जाड तारेची चौकोनी जाळी घ्यावी, वेल्डमेश म्हणून मागितली की मिळते. भोक अर्ध्या इंचाचं असेल तर मुंगूस आणि मोठा सापही अडतो. ती खिळ्यांनी नुसती ठोकू नये, वरून लाकडी पट्टी मारावी. कौलांच्या खालीही जाळी हवी, नाहीतर उदमांजर कौल उचकतं. हवा मात्र खेळली पाहिजे. वैशाखातल्या उकाड्यात चारी बाजूंनी पत्रा ठोकलेल्या खुराड्यात कोंबड्या गुदमरतात, त्यांना नाक वाहण्याचा रोग लागतो. म्हणून वरची वीतभर जागा चहूकडून जाळीची ठेवावी.

आणि खणण्याचं काय? कोल्हा आणि कुत्रा दोघेही भिंतीच्या अगदी मुळाशी येऊन खणतात. म्हणून दीड-दोन फूट रुंदीची जाळी भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरायची, कडा भिंतीला पक्क्या बांधायच्या, वर माती आणि दगड टाकायचे. गवत उगवलं की ती दिसतही नाही. जनावर भिंतीशी येतं, नखं तारेला लागतात, जरा सरकून पुन्हा खणतं, पुन्हा तार. दोन पावलं मागे जाऊन खणावं हे त्याला सुचत नाही. या साध्या युक्तीने मी स्वतः खुराडी वाचलेली पाहिली आहेत.

दार शेवटी सांगते, कारण सगळं त्यावर आहे. झाप, फळी आणि तिला टेकवलेला दगड, हे दार नव्हे. नाकाने ढकलून दगड सरकतो. दाराला लोखंडी कडी हवी, कडीला कोयंडा हवा आणि कोयंड्यात खिट्टी हवी. दार चौकटीत घट्ट बसलं पाहिजे. बोटं आत जाण्याएवढी फट राहिली तर नखंही जातात.

खुराड्याभोवतीचं गवत कापून मोकळं ठेवावं. लपत यायला आडोसा नसेल तर कोल्हा उघड्यावर यायला कचरतो. पावसाळ्यात गवत कमरेएवढं झालं की तो दिवसाही येतो, तेव्हा कोंबड्यांना सकाळी ऊन वर आल्यावरच सोडावं. खुडूक कोंबडी झुडपात अंड्यांवर बसली तर ती रात्रीत जाते. तिला शोधून आणावी, पडवीत डालग्याखाली बसवावी आणि डालग्यावर चिरा ठेवावा. सरकारी योजनेतून मिळणाऱ्या वनराजा, गिरिराजा या कोंबड्या अंगाने मोठ्या, अंड्यांनाही चांगल्या. पण त्या जड असतात, गावठीसारख्या झटकन उडून कौलावर बसत नाहीत आणि सहसा खुडूकही होत नाहीत. त्यांना पाळणाऱ्याने राखण अधिक करायची. राखणीचा कुत्रा असला तर फारच उत्तम, मात्र तो घरचा हवा, पोटभर जेवलेला आणि लस टोचलेला. रात्री मोकाट सोडलेला कुत्रा राखणदार राहत नाही.

एवढं सगळं केलं तरी खुराडं बंद करायला संध्याकाळी कुणालातरी जावंच लागतं. कोंबड्या आपल्या वेळेवर घरी येतात. त्यांना बोलवावंही लागत नाही, उजेड कमी झाला की एकेक करून त्या आत शिरतात, जागेसाठी थोडं भांडतात आणि बसतात. तेव्हा एकदा आत नजर टाकायची, मोजायचं, कोण आली नाही ते पाहायचं, आणि कडी घालायची. लग्नाला गेलेलं असू दे, देवळात भजन असू दे, टीव्हीवर मालिका रंगात आलेली असू दे. कोल्हा रोज येत नाही, पण ज्या दिवशी कडी राहते त्या दिवशी तो येतो असं वाटतं. तसं खरं तर नसतं. तो बऱ्याच रात्री गडग्यापर्यंत येऊन, हुंगून, परत गेलेला असतो. आपल्याला त्या रात्री कळत नाहीत.

आमच्या आजूबाजूला आता काही वयस्क बायकांनी ही वेळ आपसात वाटून घेतली आहे. जिचे गुडघे धड आहेत ती दोन घरांची खुराडी लावून येते, जिला पहाटे लवकर जाग येते ती उघडते. शाळेतून आलेली मुलंही हे काम आनंदाने करतात. त्यात त्यांना कोल्ह्याची कुई ऐकायला मिळते, आणि आजीकडून एक अंडं.

गावाबाहेर राहणाऱ्या मुला-लेकींना माझं एवढंच सांगणं आहे. या गणपतीला घरी याल तेव्हा आईचं खुराडं एकदा वाकून बघा. झाप असेल तर ती काढा, येताना बाजारातून वेल्डमेशचं एक भेंडोळं आणि लोखंडी कडी-कोयंडा घेऊन या, आणि परत जायच्या आधी ते स्वतःच्या हाताने बसवून जा.